राखेची रेघ

बाबा, गेल्या महिन्यात मी खेळणं सोडलं. गुडघा आता ऐकत नाही. चौदा वर्षं खेळले, त्यातली अकरा तू गेल्यावरची. उरलेल्या तीन वर्षांत तू होतास, धडधाकट होतास, किन्हवलीहून एसटी आणि आसनगावहून गाडी पकडली की मुंबईला पोचण्यासारखा होतास, तरी तू माझी एकही मॅच बघितली नाहीस. म्हणजे एकदा येणार होतास, तर मी येऊ दिलं नाही. तेच सांगायला बसलेय. पण माझं तुला माहीतच आहे, मुद्द्यावर यायच्या आधी अख्ख्या भातखाचराला एक फेरी मारल्याशिवाय माझ्या तोंडून काही निघत नाही.

मी कशी खेळायचे ते तुला कोणी सांगितलंच नसेल. पेपरात चार ओळी आल्या होत्या मी सोडल्यावर, त्यात लिहिलंय, 'मिडफिल्डर, पण कुठल्याही जागी खेळणारी.' खरंय. मधे खेळले, मधल्याच्या मागे खेळले, उजव्या कडेला, डाव्या कडेला, आणि एकदा तर गोलकीपरचा हात मोडला म्हणून शेवटची दहा मिनिटं हातमोजे घालून गोलात उभी राहिले. गोल खाल्ला, ते जाऊ दे. दोन्ही पायांनी खेळायचे, त्याचं सगळ्यांना कौतुक. आता त्यांना काय सांगू, कापलेल्या भाताचा बुडखा उजव्या पायात घुसला आणि एक अख्खा हिवाळा मला डाव्यानेच खेळावं लागलं! आणि पाठीमागून कोण येतंय ते मला न बघता कळायचं. एका कोचने विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, आवणीला. त्याला काही कळलं नाही. वाकून, चिखलात रोपं लावत, दिवसभर उलटं मागे सरकायचं, आणि मागे बांध आला, बाजूची बाई आली, रोपांच्या मुठींचा ढीग आला, सगळं पाठीला कळायला लागतं. ते त्याला कसं समजावणार?

आपल्याकडे सावडीने आवणी व्हायची, आज यांच्याकडे सगळे, उद्या त्यांच्याकडे. बाप्यांनी चिखल करायचा आणि बायांनी लावायचं, ही रीत. तू मात्र एखादी बाई कमी पडली की सरळ बायांच्या ओळीत वाकायचास. बांधावरून कोणीतरी ओरडायचं, "अरे, याला लुगडं नेसवा रे!" तू मान वर न करता म्हणायचास, "आन, नेसतो. पयले ही वळ उरकूदे." मी तेव्हा तेरा वर्षांची. मला मोठ्या बायांबरोबर लावायला उभी केली होती, त्याचा केवढा तोरा! आणि दुपारी तू मला म्हणालास, जा, तिकडं रोपं खणायला माणूस नाय. मी हातातली मूठ चिखलात आपटली. सगळ्यांच्या अंगावर चिखल. तू माझा दंड धरलास. मारलं नाहीस, पण आवाज असा काढलास की अजून कानात आहे. "वळीवर तुजं नाव लिवलंय का गो? आपल्याला आवनी उरकायची हाय." मी रडत रोपं खणली. संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही, आणि तुझ्या ते लक्षातही आलं नाही, याचाच जास्त राग आला.

मग शाळेतल्या सरांनी मुरबाडहून फुटबॉल आणला आणि आमचं मैदान झालं आपलंच खाचर, भात निघाल्यावर. मुंबईची निवड चाचणी आठवते? आठवणारच, वर्षभर हसत होतास. मी चेंडू कडेला जोरात मारला आणि पुढे धावत सुटले, तो परत माझ्याकडे येईल म्हणून. चेंडू गेला रस्त्यावर. कोच म्हणाला, "पास कोणाला दिलास?" मी म्हटलं, "बांधाला." सगळं मैदान हसलं. मला काय माहीत, बाहेर जाणं म्हणजे काय ते! आपल्या खाचरात चेंडू बांधाला लागून परत यायचा, आणि खेळ चालू. घरी येऊन सांगितलं तर तू हसून हसून खोकलास. पण दुसऱ्या दिवशी चुलीतली राख घमेल्यात घेऊन आलास आणि बांधापासून दोन हात आत, चारी बाजूंनी रेघ ओढलीस. "याच्या बायेर गेला का गेला. मंग रडायचं नाय." रोज वाऱ्याने राख उडायची आणि रोज तू नवी ओढायचास. मग त्या रेघेवरच उकिडवा बसायचास, पंच असल्यासारखा. दुसरं काही तुला कळत नव्हतं खेळातलं, पण चेंडू बाहेर गेला की नाही यावर तू कोणाचं ऐकायचा नाहीस. माझंसुद्धा.

क्लबात घेतल्यावर मी गावभर सांगून ठेवलं, मी मधोमध खेळते, सगळी टीम माझ्याभोवती फिरते. तूही ते एसटीच्या थांब्यावर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचास. खरी गोष्ट अशी, की ज्या जागी कोणी दुखापतीने पडायचं तिथे मला उभी करायचे. तू गेलास त्या वर्षी, एका रविवारी, डाव्या कडेची मुलगी जखमी होती, म्हणून मला मागे, लेफ्ट बॅकला टाकलं. आणि नेमका आदल्या दिवशी तुझा फोन. "उद्या येतो गो. झोडणी सुरू झाली का मंग माजं निघनं व्हायचं नाय. तुजा नंबर किती? मला लांबून वळखू यायला पायजे ना." मी म्हटलं, मॅच रद्द झाली. तू एवढंच म्हणालास, "बरं, मंग फुडच्या टायमाला." तीन आठवड्यांनी भात झोडताना तुझ्या छातीत कळ आली आणि तू खळ्यावरच बसलास. तुला शहापूरला न्यायला गाडी यायच्या आधीच सगळं संपलं होतं.

बाबा, मॅच रद्द झाली नव्हती. मला लाज वाटली होती, आणि ती माझ्या जागेची नव्हे, तू गावाला काय सांगशील त्याची. बायांच्या ओळीत खुशाल वाकणाऱ्या माणसापासून मी हे लपवलं. मूर्ख कुठली!

आता मी किन्हवलीच्या मुलींना शिकवते. परवा कडेला उभी होते. डावीकडून खेळणारी पोरगी माझ्या इतक्या जवळून पळत गेली की तिच्या पायाची माती माझ्या पँटवर उडाली, तिचा धापा टाकल्याचा आवाज ऐकू आला, ती स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती तेसुद्धा. मधे खेळणाऱ्या मुलीचं मला तिथून नीट तोंडही दिसत नव्हतं. मी तिथेच खाली बसले. मुलींना वाटलं गुडघा दुखला. तू आला असतास तर रेघेवरच बसला असतास, दुसरीकडे कुठे? आणि मी त्या दिवशी एक अख्खा हाफ तुझ्या हाताच्या अंतरावरून वर-खाली पळत होते. नंबरसुद्धा विचारावा लागला नसता.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून जुन्या बुटांच्या पेटीत ठेवीन. फक्त एक राहिलं. त्या मॅचमध्ये एकदा चेंडू माझ्या पायाजवळून रेघेवर गेला. बाहेर गेला की नाही यावर दोन्ही बाजूंचा आरडाओरडा सुरू झाला. सगळ्या पंचाकडे बघत होत्या. मी कडेच्या माणसांत तुला शोधत होते. मॅच रद्द झाली असं मीच तुला सांगितलं होतं, तरी शोधत होते.