जात्याच्या दोन तळ्या

मी, विठाबाई भ्रतार महिपती पिंगळे, वय अडुसष्टच्या आसपास, मूळ राहणार मौजे वराळे, तालुका मावळ, जिल्हा पुणे, हल्ली मुक्काम लोणावळे बाजारपेठ, इनायतभाईंच्या चाळीत माडीवर भाड्याने, हे मृत्युपत्र राजीखुषीने सांगते आणि कोंडाजी अर्जनवीस ते लिहून घेतात. मला डोळ्यांनी कमी दिसते, पण डोके शाबूत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भुलवलेले नाही. मला भुलवणे यजमानांनाही जन्मात जमले नाही. आज खोलीत माझी धाकटी जाऊ धोंडाबाई हजर आहे. ती मध्ये मध्ये बोलणारच. तेही लिहा असे मी सांगितले आहे, नाहीतर मागाहून म्हणेल, मला कोणी विचारलेच नाही.

कलम १. राहत्या खोलीबाबत. ही खोली माझी नव्हे, सबब ती कोणाला देता येत नाही. इथे भिंतीत खिळा ठोकायचा तरी इनायतभाईंना विचारावे लागते. माणूस भला आहे, नाही म्हणत नाही, पण विचारावे लागते. पहिल्या वर्षी मी पहाटे उठून मागच्या दाराकडे जायची, वराळ्याला जायची तशी, आणि कपाळ भिंतीवर आपटायचे. वराळ्याला मागचे दार उघडले की शेवगा, त्यापलीकडे गोठा, आणि वारा असला की इंद्रायणीचा आवाज. इथे घाटात चढणाऱ्या इंजिनांचा आवाज. त्याचीही सवय झाली, पण शेवग्याची आठवण गेली नाही.

मुलगा सोपान रेल्वेत फायरमन. त्याने मला इथे आणले आणि वर्षभरात त्याची बदली इगतपुरीला झाली. सून म्हणाली, तिथले क्वार्टर लहान आहे. असेल बाई. मी इथेच राहिले. मग मोतीबिंदू काढला तेव्हा धोंडाबाई चार दिवस मदतीला म्हणून आली, ती अजून गेलेली नाही. मीही तिला कधी जा म्हटले नाही.

कलम २. किरकोळ चीजवस्तू. नथ सुनेला. तिला ती जुन्या घाटाची वाटते, तरी घालावी. तांब्याचा हंडा खालच्या हसिनाबींना, इनायतभाईंच्या घरच्यांना. डोळ्यांना पट्टी होती तेव्हा रोज नळाचे पाणी त्यांनी वर चढवले. माझी घोंगडी कोणालाही द्या, पण जाळू नका, ऊबदार आहे.

कलम ३. जुनी तक्रार. ती कागदावर यावी अशी माझी इच्छा आहे. माझे यजमान आणि धाकटे दीर गेणू यांचे एका बैलावरून बिनसले आणि वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध कूड घातला. पंच म्हणाले, बाकीचे समजुतीने घ्या. दोघे भाऊ म्हणाले, निम्मे म्हणजे निम्मे. म्हणून जातेसुद्धा वाटले! वरची तळी आमच्याकडे, खालची त्यांच्याकडे. अरे देवा, एका तळीवर काय दळायचे, तुमचे कपाळ? आम्हां बायकांना कोणी विचारले नाही. आमची तळी खुराड्याच्या दारावर लावायला गेली, त्यांची न्हाणीत धुणे आपटायला. दोघी जावा दळायला शेजारच्या झुंबरबाईकडे जायचो, वेगवेगळ्या वेळेला, बोलायची बंदी होती म्हणून. एकदा मात्र एकाच वेळी गेलो. समोर बसायला दुसरी कोणी नव्हती. एका खुंट्याला दोघींनी हात घातला, पायली दळली, शब्द बोललो नाही. तसे पीठ पुन्हा खाल्ले नाही. भाऊ दोघेही गेले. आता त्यांच्याशी भांडण वर जाऊन करीन.

कलम ४. वराळ्याचे घर. माझ्याकडचा निम्मा भाग यजमानांनी हयातीत मला लिहून दिला, तो सागाच्या वाशांसह उभा आहे. धोंडाबाईकडचा निम्मा एका पावसाळ्यात बसला. तिला मूल नाही. ती परंदवडीला भाच्यांच्या दारात राहिली, आणि ते कसे ठेवत होते ते मला माहीत आहे. सोपान म्हणतो, "आई, तुझ्यामागं खोली सोडू, घराचं लाकूड विकू." मग हिने कुठे जायचे? मी जिवंत आहे तोवर हिला छप्पर आहे, मी गेले की नाही. ही एक गोष्ट मला झोपू देत नाही, आणि हा कागद त्याच्यासाठीच आहे. सबब वराळ्याचे घर धोंडाबाईने तहहयात मालकीण म्हणून भोगावे. तिच्यामागे सोपानला.

येथे धोंडाबाई म्हणाली, "न्हाई पायजेल मला. आक्का, मी इतकी वर्सं तुमच्या घरात पाय ठिवला न्हाई. हितं ऱ्हायले, कारन हितं भाड्याची खोली. हितं तुमी बी उपऱ्या नि मी बी. तितं मी आश्रित."

मी म्हटले, "अगं, आश्रित कशी? मालकीण असं लिहिलंय कोंडाजींनी."

कलम ५. जाते. वराळ्याचा कूड पाडावा. न्हाणीच्या जागी मातीत खालची तळी असेल, ती उकरून काढावी. वरची खुराड्यापाशी आहे. पाथरवटाकडून टाकी लावून जाते जुळवावे आणि धोंडाबाईला द्यावे. या खोलीत फळ्यांची जमीन, तिच्यावर जाते चालत नाही.

यावर ती म्हणाली, "तुमी मेल्यावर जातं जुळवून मी काय करू, आक्का? समोर बसायला कोन?"

मला रडू आले. हे लिहू नका म्हटले, तरी कोंडाजींनी लिहिले.

सबब कलम ५ मी मेल्यावर अमलात आणायचे नाही. दिवाळी झाली की सोपानने रजा काढावी, गाडी जुंपावी आणि आम्हां दोघींना वराळ्याला न्यावे. कूड त्याने स्वतः पाडावा. बाकीची कलमे सवडीने, मी गेल्यावर.

निशाणी डाव्या अंगठ्याची: विठाबाई महिपती पिंगळे
साक्षीदार: इनायत अल्लाबक्ष, घरमालक. हौशीराम पिंगळे, चुलत पुतण्या.
मुक्काम लोणावळे, ता. ७ ऑक्टोबर १९३८

पुरवणी. कलम ५ आज अमलात आले. कूड पाडला. सोपान धुळीने पांढरा झाला आणि लाकूड विकण्याचे बोलला नाही. नवे तांदूळ एक पायली दळले. मी या बाजूला, धोंडाबाई त्या बाजूला, आणि दोघींची तोंडे चालू होती. कलम ४ तिला कबूल आहे. खोलीवर परत जायचे की नाही ते दळण संपल्यावर ठरवू. खालील दुसरा ठसा तिचा. दोन्ही ठसे पुसट आले आहेत, कारण हाताला पीठ होते.

मुक्काम वराळे, ता. ९ नोव्हेंबर १९३८