कोपनहेगनमध्ये मी वारले

१४ ऑक्टोबर, सोमवार

आले! लेमविगहून एकटी आले. सिसेल फोनवर कुरकुरली, "आई, कोपनहेगन बाबांचं ठरलंय ना? तुझ्या वाट्याला स्कागेन. तिकडे जा की!" वाट्याला! घटस्फोटात कपाटं वाटली, कुत्रा वाटला, आणि प्रेबेनने शहरंसुद्धा वाटून टाकली. तेव्हा मी मान डोलावली, मूर्खासारखी. दर शरदात आम्ही इथे खायला यायचो. त्या जागा शोधल्या कोणी? मी! हा तर स्टेशनवर मिळेल ते गिळणारा माणूस. आता हा त्या नव्या बाईसाठी, लिस्बेटसाठी इथेच राहायला आलाय, म्हणून मी स्कागेनला वाळू चिवडत बसू? सोडते काय!

१५ ऑक्टोबर, मंगळवार

कालव्याजवळचं तळघरातलं हॉटेल. माशांत हेरिंग खावं तर इथेच. पायऱ्या उतरले तर आक्सेल — तिथला म्हातारा वेटर — वळला आणि त्याच्या हातातली बशी खळ्ळकन खाली.

"गुद्रूनबाई?" बिचारा माझ्यासमोरच्या खुर्चीत बसलाच. "साहेब म्हणाले, तुम्ही... गेलात म्हणून. दोन वर्षं झाली की! आम्ही सगळ्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून तुमच्या नावाने स्नॅप्स दारूचा एकेक प्याला घेतला हो!"

गेले! मी!

"कशाने गेले?" मी विचारलं.

"हृदयाने. झोपेतच. फार शांतपणे, म्हणाले."

निदान मरण तरी चांगलं दिलंन. आधी हसू आलं, मग संताप. तरी हटून तिन्ही प्रकारचं हेरिंग खाल्लं — व्हिनेगरमधलं, मोहरीतलं, करीतलं — काळ्या पावावर लोणी थापून. मेलेल्या बाईला पथ्य कसलं!

१६ ऑक्टोबर, बुधवार

सगळीकडे सांगत सुटला होता! चौकातल्या सॉसेजच्या गाडीवर एल्से "अगं बाई!" करून किंचाळली, चिमटा उकळत्या पाण्यात. "तू तर मेलीस ना गं?" म्हटलं, "मेले. भूक लागली म्हणून आले." लाल सॉसेज, तळलेला कांदा, काकडीचं लोणचं, मोहरी — दोन घेतली आणि तिच्यासमोर बोटं चाटली.

बेकरीत मात्र नवी मुलगी. "काय देऊ?" एवढंच. वेलदोड्याचा पाव घेतला. जिवंत माणसासारखं वागवलंन, बरं वाटलं.

आता एकही जागा सोडायची नाही. प्रत्येक दारात जाऊन उभी राहणार. बघा म्हणावं, ही मी!

१७ ऑक्टोबर, गुरुवार

बंदरावर लोण्यात तळलेला मासा. मालकाने दोनदा चष्मा पुसला.

सिसेलला फोन लावला. तुला ठाऊक होतं? तर म्हणाली, "आई, लिस्बेट वर्षभरातच सोडून गेली त्यांना. एकटेच जातात ते तिथे. लोक विचारतात, बाई कुठेत? काय सांगतील ते?"

"खरं सांगावं!"

"तू चिडू नकोस हं. आणि उद्या तळघरात जाऊ नकोस, शुक्रवारी दुपारी बाबा तिथे—" आणि जीभ चावली.

जाणार!

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

होता. खिडकीजवळ, एकटा. वाळलाय. पुढ्यात हेरिंग आणि भरलेला स्नॅप्स. मी समोरच्या टेबलावर बसले, तेच मागवलं, आणि अख्ख्या तळघराला ऐकू जाईल असं म्हटलं, "स्कोल, प्रेबेन!"

स्कोल म्हटल्यावर आपल्याकडे सुटका नाही. ग्लास उचलायचा, डोळ्यांत बघायचं, प्यायचं, परत डोळ्यांत बघायचं, मगच खाली ठेवायचा. समोर वैरी असला तरी. प्रेबेन बायको मारून टाकेल पण हे मोडणार नाही. त्याच्या आईने चमच्याचे फटके देऊन शिकवलंय. उचललान. बघितलंन. प्यायला. दुसऱ्यांदा मात्र बघवेना त्याला. मी ग्लास धरूनच बसले. खांदा भरून आला तरी धरून. आक्सेल ट्रे घेऊन तसाच उभा. लोकांचे काटे-सुरे थांबले.

शेवटी मान वर केलीन.

"छान दिसतेस," म्हणाला.

"मेल्यापासून तब्येत सुधारली!"

सगळं तळघर हसलं. तो उठला, कोट चढवलान, अर्धं हेरिंग तसंच टाकून. जाताना आक्सेलला हळूच म्हणाला, "ते टेबल यापुढे बाईंना देत जा." मी खिडकीपाशी जाऊन बसले. दुसरा स्नॅप्स मागवला.

जिंकले!

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज कधी न गेलेल्या खानावळीत गेले. वेटरने विचारलं, "एकट्याच? साहेब नाहीत बरोबर?" तोंडातून निघून गेलं, "वारले." सूड म्हणून म्हणाले असेन.

त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि माझा हात धरला. मालकीणबाई आतून आल्या, त्यांनी दुसरा धरला. प्रेबेन मला सोडून गेला तेव्हा लोकांनी वकील कोण, घर कोणाला, एवढंच विचारलं होतं. हात कोणी धरला नव्हता. भर दुपारी, परक्या माणसांत, मी त्याच्यासाठी रडले.