चकाकतो, पण पाणी उडत नाही

अण्णा, तुमच्या नातीला मी सांगून टाकलंय, की तिचा डावा हात मोडला तो तुमच्यामुळे. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. ती तुमच्यामागून वर्षभराने जन्मली, म्हणजे तुम्ही तिला पाहिलंसुद्धा नाहीत. पण दोष द्यायला माणूस समोर असावा लागतो असं थोडंच आहे? इथे परदेशात, आमच्या आंग मो किओच्या फ्लॅटमध्ये फ्रिजशेजारच्या भिंतीवर तुमचा फोटो आहे, कंपनीच्या खाकी कपड्यांतला. परवा जेवताना तिने खुर्ची फिरवून घेतली, तुमच्याकडे पाठ येईल अशी. मी तिला हटकलं नाही. उलट बरं वाटलं मला.

तुम्ही तीस वर्षं मॅनेजरसाहेबांची गाडी चालवलीत, नाशिक-मुंबई, मुंबई-नाशिक. थंडीत पहाटे कसारा घाट धुक्याने भरलेला असताना तुम्ही गाडीला एक ओरखडा येऊ दिला नाहीत, हे नातेवाइकांत कोणाला ऐकवायचं राहिलं असेल तर सांगा. दादा अठरा वर्षांचा झाला आणि तुम्ही त्याला शिकवायला घेतलंत, मित्राची जीप मागून आणून. मी म्हटलं, मलाही शिकवा. "तुला काय करायचंय? बसायचं तर मागे बस गुपचूप." बसले. आणि अण्णा, मागे बसून मी सगळं शिकले. धुक्यात मोठे दिवे लावायचे नाहीत, डोळ्यांपुढे नुसतं पांढरं होतं. उतारावर ब्रेक दाबून धरायचा नाही, गियर खाली घ्यायचा. आणि एक तुमचं खास होतं: रस्ता चकाकला की पुढच्या गाडीची चाकं बघ. मागे पाणी उडत असेल तर ते पाणी. चकाकतोय, पण काहीच उडत नाही, तर टँकरचं ऑइल सांडलंय, तिथे ब्रेकवर पाय ठेवलास तर मेलास. हे तुम्ही दादाला सांगत होतात. दादाचं लक्ष जीपच्या टेपमध्ये.

मी सोळाची होते तेव्हाचा तो रविवार तुम्हाला आठवतो का? तुम्हाला कशाला आठवेल म्हणा. जानेवारीतली थंडी, दादा गाडीवर, तुम्ही शेजारी, मी मागे शाल गुंडाळून. धुकं विरळ होतं. वळणाच्या अलीकडे रस्ता चकाकताना मला दिसतो, पुढच्या टेम्पोच्या चाकांमागे थेंबही उडत नाही, आणि मी ओरडते, "दादा, ब्रेक नको, गियर टाक!" दादाने टाकला. गाडी जराशी वाकडी झाली आणि सरळ निघाली. तुम्ही शांतपणे म्हणालात, "बाजूला घे." मग मागे वळून मला, "उतर." मी उतरले. "गाडीला डोकं एकच असतं. मागून दुसरं बोलायला लागलं की गाडी दरीत जाते. पुढच्या टपरीपर्यंत चालत ये, तोवर तोंडाला कुलूप कसं लावायचं ते कळेल." अर्धा-पाऊण किलोमीटर असेल. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते आणि मी कठड्याला धरून धरून चालत होते. टपरीवर तुम्ही चहा पीत होतात. माझ्यासाठीही सांगितला होतात, तेवढी तुमची माया! संध्याकाळी स्वयंपाकघरात आईला सांगितलंत, "आज बाईसाहेबांनी आम्हाला ड्रायव्हिंग शिकवलं." आई भाकरी थापता थापता हसली. दादाही हसला. मी बरोबर होते की चूक, हे मात्र त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही, तुम्ही बोलला नाहीत. एवढा एक शब्द जड झाला तुम्हाला.

इथे आल्यावर चौतिसाव्या वर्षी मी लायसन्स काढलं. तांजोंग पगारला ऑफिस, तिथून शनिवारी थेट क्लासला. शिकवणारे एक म्हातारे चिनी अंकल होते, शब्दाला महाग. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढायची असते, ती मी पहिल्याच दिवशी मागे न घसरता काढली, तर म्हणतात, "व्हेरी गुड. युअर फादर टीच यू, आह?" मी "येस" म्हटलं. घरी येईपर्यंत बसमध्ये स्वतःला शिव्या घालत होते. पहिल्या फटक्यात पास झाले. पण या गावात गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पोसणं, त्यामुळे ते कार्ड पर्समध्येच राहिलं. तुमच्या जावयांचं भारतातलं लायसन्स इथे बदलून घेतलेलं, त्यांचंही तसंच. पंधरा वर्षांत त्यांनी स्टिअरिंग धरलं असेल ते बोटावर मोजण्याइतकं.

आणि इथल्या आपल्या लोकांना डिसेंबर आला की बर्फाचं वेड लागतं. मुलांना सुट्टी, बाहेर नुसता पाऊस, मग चला होक्काइडोला, स्वतः गाडी चालवत. तिथेही डावीकडूनच चालवतात, म्हणजे काय, आपलंच राज्य! निघण्याआधीच्या रविवारी आमच्याकडे दोन कुटुंबं खिचडी खायला होती, जाऊन आलेली. मी दही वाढता वाढता म्हटलं, "निम्मं अंतर मी चालवीन. तिथे चालवायचं परमिट मीही काढलंय." तुमचे जावई हसले. "अगं, तो बर्फ आहे, तुझं टेस्टचं सर्किट नाही. तू आपली शेजारी बसून फोटो काढ." सगळे हसले. वाईट माणूस नाही तो, अण्णा. तुम्हीच पसंत केलेला. म्हणून तर जास्त झोंबलं. मी दह्याचं भांडं घेऊन आत गेले आणि उगीचच दोनदा हात धुतले.

तिसऱ्या दिवशीची सकाळ. स्वच्छ ऊन आहे, दोन्ही बाजूंना बर्फाचे ढीग, आणि रस्ता पांढरा आहे तोवर स्वारी चाळिसाने चालली आहे, हात स्टिअरिंगला चिकटवून. मग एक बोगदा येतो. पलीकडे डोंगराची सावली आहे, बर्फ साफ केलेला आहे, रस्ता काळाभोर आणि ओलसर. "हुश्श! हा नुसता ओला आहे, आपल्या पीआयई हायवेसारखा," असं म्हणून त्यांनी वेग वाढवला. आम्ही पावसातली माणसं. काळा रस्ता चकाकला की आम्हाला पाणीच दिसतं. दुसरं काही असू शकतं हे आमच्या सात पिढ्यांना ठाऊक नाही. पण मला पुढचा ट्रक दिसत होता, अण्णा. त्याच्या चाकांमागे काही म्हणजे काही उडत नव्हतं. ते पाणी नव्हतं, काचेसारखा गोठलेला बर्फ होता. वळण चांगलं अर्धा किलोमीटर पुढे होतं. "हळू" म्हणायला किती वेळ लागतो? मी गप्प बसले. वळण उजवीकडे होतं. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी खडखडली आणि वळलीच नाही. मागची बाजू फिरली आणि मागचं डावं दार खांबावर आदळलं. त्या दारापाशी पोरगी बसली होती.

कोपर दोन ठिकाणी मोडलं. तिथे ऑपरेशन झालं, इथे आल्यावर महिनोन्‌महिने व्यायाम. हात अजून पूर्ण सरळ होत नाही, होईल की नाही ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. शाळेच्या नेटबॉल टीममधून नाव गेलं. तिचे पपा महिनाभर नीट जेवले नाहीत. येईल त्याच्यापुढे "माझी चूक, माझी चूक" चालू असायचं. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवायचे. गेल्या आठवड्यात व्यायामाहून परतताना बसमध्ये ती एकदम म्हणाली, "ममा, यू न्यू, राइट? आय सॉ युअर लेग. पपाने ब्रेक मारायच्या आधीच तू खाली पाय दाबत होतीस. व्हाय यू नेव्हर से?"

आणि मग मी तुम्हाला पुढे केलं. घाट सांगितला, धुकं सांगितलं, मला उतरवलंत ते सांगितलं, सगळे हसलात ते सांगितलं. म्हटलं, तेव्हापासून चालवणाऱ्याला काही सांगायचं म्हटलं की माझी जीभच उचलत नाही. तिचे डोळे भरून आले. "युअर फादर सो मीन, लाह," म्हणाली आणि बऱ्या हाताने माझा हात धरला. स्टॉप येईपर्यंत सोडला नाही.

तुम्ही वागलात ते वाईटच वागलात, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण जीभ उचलत नाही हे खोटं आहे. ऑफिसात मी साहेबांच्या चुका चारचौघांत दाखवते. टॅक्सीवाल्याला रस्ता सांगते. तुमच्या जावयांना तर दिवसातून दहा वेळा सुनावते. त्या दिवशी तोंड उघडलं होतं मी, "हळू" अगदी ओठांवर होतं. आणि मनात आलं, घसरू दे जरा. थोडीशीच. कोणाला गाडी कळते ते एकदा दिसू दे सगळ्यांना. तेवढ्यासाठी मी तोंड मिटलं. पोरगी मागे बसलीय हे त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं.

रविवारची दुपार आहे. ती पलीकडच्या खोलीत रबराचा पट्टा ओढून व्यायाम करतेय, मोजलेलं इथपर्यंत ऐकू येतंय. दार उघडंच आहे. सांगायचं आहे तिला, आणि लिहीत बसलेय तुम्हाला, कारण हे ऐकून ती माझा हात सोडेल, तुमच्या हातात तो कधी नव्हताच.