पंचामृतात पडलेलं कानाचं मशीन

गुरुवार, दिवेलागणीनंतर

हे सकाळी तीर्थ घ्यायला वाकले आणि यांचं कानाचं मशीन थेट पंचामृताच्या वाटीत! ते गेलं तर लेकीचा फोनही यांना ऐकू येणार नाही. मी आधी सेल काढला, मग दही-मध ओलसर फडक्याने पुसलं. फडकं पिळलेलं पाणी तुळशीला. चपलांच्या खोक्यांतल्या ओल शोषणाऱ्या पुड्या मी जपून ठेवते, त्यांच्या डब्यात मशीन दिवसभर ठेवलं. आतून सुकलं असेल ना?

संध्याकाळी सेल घालून यांच्या कानात बसवलं आणि मागे उभी राहून हळूच विचारलं, "अहो, जयनगरहून भाजी आणता का?"

उत्तर नाही. मारुतीचं नाव घेऊन आणखी हळू म्हटलं, "कॉफी करू?"

"कर की. साखर स्वल्प जास्त घाल."

देवा, पावलास. भाजी मीच आणली.