मधातला तिसरा

सौंसर, डिसेंबर १९८४, मंगळवार

चार दिवस लिहायचं टाळलं. शरम वाटून राहिली होती, दुसरं काय.

मी जोडलेले तीन वायरलेस सेट आम्ही तिघं सायकलवर घेऊन संत्र्याच्या बागांतून फिरतो. ज्याला निरोप ऐकू आला त्यानं तो पुढे बोलायचा. शुक्रवारी ‘ट्रक पाठवतो’ हा एकच निरोप आमच्यातच गोल फिरत राहिला, अन् तो तीनदा ऐकून संत्र्याच्या व्यापाऱ्यानं एका ट्रकसाठी तीन ट्रकांचे हमाल बोलावले. वामन सेट टाकून गेला. म्हणे, "एरियलचा एक उंच खांब लाव बावा, नाही तर सोड हे येडेपण."

नाही लावत खांब. खांब पडला की सगळेच मुके. फिरत्या माणसांतून एक गेला तर निरोप दुसऱ्याकडून जाईल. चुकलं एवढंच की निरोपाला नंबर नव्हता. एकदा बोललेला नंबर परत बोलायचा नाही. इतकं साधं, अन् मी चार दिवस भिंतीकडे पाहत बसलो. नंबरच द्यायचा होता.

पण वामन गेला, आता आम्हा दोघांच्या मधात निरोप पुढे द्यायला तिसरा पाहिजे. उद्या कोणाला विचारू? सगळे हसतात. हसू दे, मी सोडत नाही.

आत्ता दारात वामनची आई उभी आहे. वामननं टाकलेल्या सेटकडे बोट दाखवून म्हणते, "तो डब्बा मले दे. जामसांवलीकडं कापूस वेचाले रोज जातो मी. वामनले मी पाहून घेतो."