खऱ्यासारखी जखम

४ मार्च
अर्थमंत्र्यांचा जबडा आज तिसऱ्यांदा निखळला! भाषण लांबलं की तार सुटते. आमच्या सिनेमात अख्खं मंत्रिमंडळ थडग्यातून उठून पुन्हा शपथ घेतं आणि जनतेला फरकच कळत नाही. दिग्दर्शक म्हणतो, "ताई, फार कुजवू नका. लोकांना ओळखू आले पाहिजेत!" मेकअपच्या कामात वीस वर्षं गेली, त्यातली निम्मी जखमा करण्यात. हात बसलाय.

९ मार्च
शूटिंग बंद. खरं सरकार पडलं, रस्त्यावर लष्कर. दिग्दर्शक वैतागला — "यांनी आपल्याआधीच प्रदर्शित केला!"

११ मार्च
हे मोर्चाला गेले होते. भुवईवर दोन बोटं लांब चीर घेऊन आले. आणि मी मूर्ख काय म्हणाले — "रक्त फार पातळ झालंय." मग खूप रडले.

दवाखान्यात नेणार कसं? तोंडावर मार दिसला की मोर्चातला समजून थेट गाडीत घालतात. यांना तर उद्या बस काढायचीय, नाक्यावर चेहरे तपासतात. जखम धुतली, पट्टीने ओढून धरली, वर पातळ रबराची कातडी, मग रंग. दीड तास लागला.

१२ मार्च
नाक्यावरून पार! शिपाई म्हणाला म्हणे, "काका, झोप झालेली दिसतेय." संध्याकाळी घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

१६ मार्च
कानोकानी झालं. आज चौघं जखमा झाकून घेऊन गेले. जाऊबाई चिडल्या — "कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?" म्हटलं, लष्कराला कळलं तर आम्हा दोघांनाच भाजतील! भीती वाटते, खोटं कशाला लिहू. हे म्हणाले, "दार लावून घे आणि काम कर."

१९ मार्च
दिग्दर्शकाला घरातून उचललं. कुठे नेलं, कुणालाच ठाऊक नाही. जेवण गेलं नाही.

२३ मार्च
दिग्दर्शक सुटला! थेट आमच्या दारात. गालावर भलामोठा घाव. मला रडूच फुटलं, खुर्चीत बसवलं.

"ताई, एवढं झाका. आणि तुमच्याकडे कोण कोण येतं हो?"

घावाच्या कडेला बोट लावलं. रबर! खालचा गाल धडधाकट.

हात थांबू दिला नाही. खऱ्यासारखा पुसला, खऱ्यासारखा झाकला. विचारलं, "दुखतंय?"

"फार," म्हणाला.