निळ्या कोंबड्याचा वाडगा

मंद्रूप, ८ जुलै २०२४

ती. आण्णांस, धाकटी बहीण हेमावतीचा शि. सा. नमस्कार.

तुमाला फोनवर ऐकू येत न्हाय म्हणून लिहिते. बाकी सगळी बरी हायत, पण आमच्या नातीचं, आरोहीचं काय कळंना. चार वर्षांची पोर, महिनाभर पोट धरून बसती. चिडचिड लई. रंग पांढरा पडलाय. हितल्या डॉक्टरांनी दोनदा जंताचं औषध दिलं. मी दृष्ट काढते म्हटलं की तिच्या आईला, सूनबाई प्रियदर्शनीला राग येतो.

संक्रांतीला तुमी दिलेल्या फ्रान्सच्या वाडग्याशिवाय पोर घास घेत न्हाय. तळाचा निळा कोंबडा दिसेपर्यंत दहीभात चाटूनपुसून खाती, चिंचेचं सारबी त्यातच. कोंबड्याचा रंग थोडा उडालाय, रागावू नका. तुमचं जुन्या भांड्यांचं खूळ नातीला लागलं की!

लोभ हाय तसाच असू द्या.
हेमावती

सोलापूर, ११ जुलै

चि. सौ. हेमावतीस आशीर्वाद.

पत्र वाचून लगेच फोन लावला. तू काय बोललीस ते कळलं नाही, मी नुसता ओरडत राहिलो की वाडगा बंद करा. म्हणून हे पत्र एसटीचे कंडक्टर तिप्पण्णा यांच्या हाती देतोय.

त्या भांड्यांच्या चकचकीत लेपात शिसं असतं. आंबट पदार्थानं ते सुटतं, पोटात जातं, लहान मुलांच्या मेंदूवरही परिणाम करतं. आजच आरोहीला सोलापूरला माझ्या घराजवळच्या दवाखान्यात आणा आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगा. जंतच आहेत म्हणाले तरी ऐकू नका.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका संग्राहकानं मला बजावलं होतं की ही भांडी शोभेला ठेवा, जेवायला नकोत. मला हे ठाऊक होतं. वाडगा हातात घेऊन आरोही इतकी हसली, की ते बोलून तो आनंद मोडावासा वाटला नाही. देवा, मी काय करून बसलो!

तुझा अभागी भाऊ,
सिद्धराम

मंद्रूप, २० जुलै

ती. आण्णांस, हेमावतीचा नमस्कार.

तिप्पण्णानं पत्र दिलं त्याच दुपारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी रक्त पुण्याला पाठवलं. आठवडाभर सगळी फोनकडं बघत बसली. काल कळलं, रक्तातलं शिसं पाचाच्या आत पायजे तितं एकतीस निघालं. बाई म्हणाल्या की आणखी काही महिने गेले असते तर झटकेबी आले असते. आता लोहाचं औषध, दूध, आणि पुन्हा रक्त बघायचं. उतरलं न्हाय तर दवाखान्यात ठेवावं लागंल. डोक्यावर परिणाम झालाय का, ते आत्ताच सांगता येत न्हाय म्हणाल्या.

मी रोज तिला दहापर्यंत मोजायला लावते. सातावर अडली की पुन्हा एकपासनं सुरू करायला लावते.

तुमच्या पत्रातला, पुण्याच्या माणसानं बजावलेला तेवढा भाग मी सूनबाईला वाचून दाखवला न्हाय. दवाखाना तुमच्या घरापासनं चार गल्ल्यांवर, तरी तुमी आला न्हाय. ते मात्र लागलं.

हेमावती

सोलापूर, २४ जुलै

चि. सौ. हेमावतीस आशीर्वाद.

मी आलो होतो. समोरच्या औषधाच्या दुकानाच्या पायरीवर दोन तास उभा होतो. तुम्ही रिक्षातून उतरलात, आरोहीनं आईच्या खांद्यावर मान टाकली होती. आत यायला घाबरलो, तसाच घरी परतलो.

चित्रकलेचा मास्तर म्हणून पहिला पगार घेतल्यापासून ज्या ताटल्या रुमालानं पुसत आलो, त्यांच्याकडे बघवत नाही आता. शेजारच्या धोंडप्पांना एक कप दिला होता, तो धावत जाऊन परत आणला. माझ्या पत्रातला तो भाग प्रियदर्शनीपासून लपवू नकोस. ती जे म्हणेल ते जसंच्या तसं कळव.

सिद्धराम

मंद्रूप, ३० जुलै

ती. आण्णांस, हेमावतीचा नमस्कार.

वाचून दाखवलं. सूनबाई भाकऱ्या करत होती. तव्यावरची भाकरी जळून गेली, ती तिनं बाजूला काढली. मग बोलली. तुमी जसंच्या तसं मागितलं, म्हणून लिहिते.

ती म्हणाली की मामांचं, म्हणजे तुमचं, तोंड बघू नये असं वाटतं, आणि माफ करायचं का न्हाय ते आत्ताच विचारू नका. पुढं म्हणाली, पण मागच्या वेळी सुई बघून आरोही किंचाळली, तवा तिला धरायला माझे दोन हात पुरले न्हाईत. एकवीस ऑगस्टला सकाळी दहा वाजता पुन्हा रक्त काढायचं हाय. मामांनी आत यायचं आणि तिचा दुसरा हात धरायचा. भ्यायचंच असंल तर समोरच्या पायरीवर न्हाय, आमच्याजवळ बसून भ्यायचं.

वाट बघते, आण्णा. वेळेवर या.

तुमची,
हेमावती